गावठी कोंबडा नसल्याचा दाखला

मनुष्य आणि पक्षी यांचं नातं मनुष्याच्या संस्कृतीइतकंच प्राचीन आणि तितकंच पवित्र आहे. हे वाक्य माझं आहे. आर्णीच्या बाजूला एका तांड्यावर मी शाळामास्तर असताना, एका मोठ्या पाहुण्यांच्या स्वागताच्या भाषणासाठी ते लिहिलं होतं. शाई वाळावी म्हणून कागद जमिनीवर ठेवला, तर शेजारच्या म्हातारीची कोंबडी त्यावरून चालत गेली आणि ‘पवित्र’ या शब्दापाशी थांबून तिनं जे करायचं ते केलं. मी भाषण पुन्हा उतरवून काढलं. वाक्य बदललं नाही. तेव्हा मला माझी वाक्यं फार आवडत.

मी तांड्यावर गेलो १९५८ साली. आम्ही वऱ्हाडातली माणसं तोवर नागपूरकडे तोंड करून बसायचो. आता मुंबईकडे तोंड करून बसायला शिकत होतो. तांड्याला या दोन्हींचं काही नव्हतं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणाऱ्यांची ही माणसं. दोन-तीन पिढ्यांमागे बैल थांबले, तिथंच यांनी घरं घातली आणि कापूस, ज्वारी, तूर पिकवू लागली. तीसेक घरं, एक नायक, एक देवीचा चौथरा, आणि एका खोलीची शाळा. शाळेला लागून मला राहायला तुराट्यांच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं घर दिलं होतं. आमच्या आणि शेजारणीच्या घरामध्ये कुंपण नव्हतं. अंगण एकच होतं, आणि ते कोंबड्यांचं होतं.

शेजारीण म्हणजे साठीच्या पुढची एक विधवा. तिला सगळा तांडा याडी म्हणे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिच्या वीस-बावीस कोंबड्या होत्या आणि त्यांना हद्द मान्य नव्हती. त्या शाळेत येत, पहिलीच्या पोरांत बसत, फळ्याखाली माती उकरत. तपासनीस यायचे असले की मी त्यांना आधी बाहेर काढत असे. पटावरच्या संख्येत घोळ नको. वळचणीला चिमण्या होत्या. शाळेची घंटा म्हणून लोखंडाचा एक तुकडा टांगला होता, त्यावर साळुंक्या भांडत. दोन घरांआड एका पिंजऱ्यात तितर असे आणि तो मालकापेक्षा जास्त बोले. वर घार फिरायची. ती खाली येऊ लागली की तांड्यातल्या बाया हातातलं काम टाकून आभाळाकडे पाहून शिव्या देत. बहुतेक वेळा घार ऐकत असे.

माझी बायको राळेगावकडची, माळकरी घरातली. तिच्या माहेरी अंड्याचं नावसुद्धा चुलीपाशी काढत नसत. पहिले सहा महिने तिचा एक हात केरसुणीवरच असे. पण दिवसातून वीस वेळा एकाच कोंबडीला हाकललं की ती कोंबडी ओळखीची होते. मग शिव्या नेमक्या होऊ लागल्या. कुठली चोरटी, कुठली आळशी, कुठली नुसतीच मूर्ख, हे तिला कळू लागलं. एका पावसाळ्याआधी त्यातली एक माझ्या पुस्तकांच्या पेटीत खुडूक बसली.

पेटीचं झाकण मोडलेलं होतं. वर एक जाडजूड कोश ठेवला होता, त्यावर तिनं कुठून कुठून काड्या आणून अंडी घातली होती आणि आता ती उठायला तयार नव्हती. मी तिला उचलायला गेलो तर याडीनं दारातूनच अडवलं. तांड्याची रीत अशी होती की कोंबडी ज्या घरात खुडूक बसेल त्या घरच्या बाईनं तिची सुईण व्हायचं. तिला हलवायचं नाही, दाणा-पाणी करायचं, आणि पिलं निघाली की त्यातलं एक त्या बाईच्या हक्काचं. बाईनं स्वतः निवडायचं.

“आमच्या घरी चालत नाही हे,” मी म्हणालो.

“तुमाले कोण इचारते, गुरुजी?” याडी म्हणाली. “कोंबडीनं तिले इचारलं.”

एकवीस दिवस माझं वाचन बंद राहिलं. त्या पुस्तकांवर इतक्या चिकाटीनं मी कधी बसलो नव्हतो. बायको सकाळ-संध्याकाळ वाटीत पाणी ठेवायची, मूठभर ज्वारी टाकायची आणि पेटीपाशी उकिडवी बसून राहायची. मी तिथं गेलो की उठायची. आदल्या वर्षी आमचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याबद्दल आम्ही बोलत नसू. मी पुस्तकात असलेल्या गोष्टींबद्दल बोलणारा माणूस, आणि ती न बोलणारी.

आषाढात नऊ पिलं निघाली. दोन घारीनं नेली, तीन मुंगसानं. उरलेल्या चारांतून तिनं जे निवडलं ते पाहून याडीनं कपाळाला हात लावला. उघड्या मानेचं, मानेवर पिसाचा पत्ता नसलेलं, लाल, कुरूप पिलू होतं. बायको म्हणाली, याले कोणी घेणार नाही म्हणून घेतलं.

भाद्रपदात तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. तिनं ते मला सांगण्याआधी याडीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून घरी आलो तर अंगणात विधी चालला होता. याडीनं त्या उघड्या मानेच्या पिलाचे पाय हातात धरले होते. एव्हाना तो कोंबडा होणार हे दिसू लागलं होतं. उजव्या पायाचं मागचं नख तिनं कात्रीनं छाटलं, डोक्यावर कुंकू टेकवलं आणि चौथऱ्याकडे तोंड करून आपल्या बोलीत देवीशी करार केला. मूल आपल्या पायांवर उभं राहिलं की हा तुझा. मग त्याला सोडून दिलं.

सोडलेल्या कोंबड्याचे नियम मला त्या दिवशी कळले. त्याला कुणी हाकलायचं नाही. टोपल्याखाली झाकायचं नाही. विकायचं नाही, शिवेबाहेर न्यायचं नाही. तो वाळवणात शिरला तर हात जोडायचे. नवस फिटायच्या दिवसापर्यंत तो देवीचा आणि मुलाचा.

मी हसलो. मोठ्यानं नाही, पण याडीला दिसेल इतकं हसलो. “हसा, बापा,” ती म्हणाली. “देवी बी मास्तराले पाहून हसतच असंल.” बायको मात्र हसली नाही. सांज झाल्यावर भाकरी वाढताना, ताटाकडे पाहत म्हणाली, “तुमी हसा. पण त्याले काही करू नका.”

तिनं माझ्याकडे सहसा काही मागितलेलं नव्हतं.

सरकारी संरक्षण मिळालेल्या कुणाही माणसासारखा तो कोंबडाही लवकर फुगला. तो कुणाच्याही घरात जाई, कुणाच्याही उतरंडीवर चढे. नायकाच्या पागोट्यावर एकदा बसला तर नायकानं त्याला उतरेपर्यंत मान हलवली नाही. सगळा तांडा त्याला मूठमूठ घालायचा. पण सकाळी तो आमच्या दारात असायचा. बायको उंबऱ्यावर बसून ‘ती-ती-ती’ करायची, आणि तो तिच्या तळहातावरून ज्वारी टिपायचा. तिचा दुसरा हात पोटावर असायचा. पहिल्या खेपेला ती रोज उठून कुठं काही दुखतंय का ते पाहायची. आता उठून कोंबडा आहे का ते पाहायची. एवढाच फरक होता, पण त्या फरकामुळे ती जेवू लागली, झोपू लागली. कार्तिकात तर एकदा तिला गाणं म्हणताना मी ऐकलं. मी आत गेलो नाही, दाराबाहेरच थांबलो. हे सगळं मला दिसत होतं. मी त्याचं कारण चांगली हवा आणि ताजं दूध हे ठरवलं होतं.

माघात ग्रामसेवक योजना घेऊन आला.

अमरावतीकडचा तरुण मुलगा होता, भला आणि फार उत्साही. योजनेचं नाव कुक्कुटसुधार. सरकारी केंद्रातून पांढरे, परदेशी जातीचे दोन कोंबडे तांड्याला मिळणार होते. त्यांच्यापासून होणारी पिलं मोठी होतील, अंडी दुप्पट देतील, तांडा सुधारेल. कोंबडे द्यायला जिल्ह्यातले एक मोठे पुढारी स्वतः येणार होते. अट एकच होती. गावठी कोंबडे आधी काढून टाकायचे, नाहीतर वाण सुधारत नाही. आणि ते काढल्याचा शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला द्यायचा. मुख्याध्यापक मीच होतो, कारण शाळेत दुसरं कुणी नव्हतं. मजकूर त्यानं छापूनच आणला होता: ‘दाखला देण्यात येतो की सदर वस्तीत आजमितीस एकही गावठी कोंबडा नाही.’ खाली सहीसाठी रेघ.

आठवड्याभरात तांड्यावरचे कोंबडे गेले. काही आर्णीच्या बाजारात, काही सोयऱ्यांकडे, बाकीचे रश्श्यात. लोकांना परदेशी कोंबड्यांचं फार कौतुक नव्हतं, पण कोंबडा कापायला सरकारी कारण मिळालं होतं. सकाळी आरवणं थांबलं. तांडा उशिरा उठू लागला. फक्त आमच्या दारात एकजण आरवत राहिला, आणि एकटा असल्यामुळे जास्तच.

समारंभाच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक दाखला न्यायला आला. मी म्हणालो, सही करता येणार नाही, एक कोंबडा आहे.

“तो देवीचा न, गुरुजी?”

“हो.”

“मग त्याले मोजता कायले? देवीचा आहे, वस्तीचा थोडीच आहे.”

“कागदावर ‘वस्तीत’ लिहिलंय. वस्तीचा असं नाही लिहिलेलं.”

तो बिचारा काकुळतीला आला. म्हणाला, “गुरुजी, कोण मोजायले येते जी इथं? मारा न सही.”

त्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मी तोवर आयुष्यात एकही खोटी सही केलेली नव्हती. गैरहजर मुलाला हजर दाखवलं नव्हतं, न झालेली सभा झाली असं लिहिलं नव्हतं. भोवती सगळे जण रोज खोटे कागद रंगवत होते आणि मी त्यांची टिंगल करत होतो. त्या टिंगलीवर माझा बराचसा संसार चालत होता. मी त्याला सांगितलं, उद्या पाहू, आणि कागद खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्णीहून आलेला आचारी दारात उभा. जेवणाची व्यवस्था नायकाच्या घरी होती आणि तिथं कोंबडा मिळत नव्हता, कारण आम्ही सगळ्यांनी मिळून ते संपवले होते. कोंबड्या कापायच्या नाहीत अशी ग्रामसेवकाची सक्त ताकीद. त्या पांढऱ्या कोंबड्यांसाठी हव्या होत्या. आचारी वैतागला होता. पाव्हण्यापुढं काय वांग्याची भाजी ठेवू का, असं त्यानं मला विचारलं. नायक कमानीला आंब्याचे टाळे बांधत होता. याडी माझ्या बायकोला तेल लावायला आपल्या घरी घेऊन गेली होती, आणि तिचं दार लोटलेलं होतं.

मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. मला एवढंच दिसलं की एक कोंबडा जास्त आहे आणि एक कमी आहे, आणि माझ्या खिशात एक कागद आहे. मी घरात गेलो, मूठभर ज्वारी घेतली, उंबऱ्यावर बसलो आणि ‘ती-ती-ती’ केलं.

तो लगेच आला. त्यानं माझ्या तळहातावर दोन-तीन चोची मारल्या आणि मग मान वाकडी करून वर पाहिलं. हात ओळखीचा नव्हता. दाणे ओळखीचे होते, म्हणून तो पुन्हा खाली वाकला. मी त्याला धरलं. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. आचाऱ्यानं त्याचं छाटलेलं नख पाहिलं की नाही कोण जाणे. तो परका होता, पाहिलं असतं तरी त्याला कळलं नसतं.

मग मी घरात जाऊन दाखल्यावर सही केली. अक्षर चांगलं आलं.

समारंभ झाला. जीप आली, लेझीम झालं, मी भाषण वाचलं. प्राचीन आणि पवित्र नात्याच्या वाक्याला टाळ्या पडल्या. पांढऱ्या कोंबड्यांच्या गळ्यात झेंडूचे छोटे हार घातले होते. पुढाऱ्यांनी एकाला दोन्ही हातांनी उचलून जनतेच्या स्वाधीन केलं, तसा तो हारात पाय अडकून पडला आणि जीपखाली जाऊन बसला. त्याला काठीनं बाहेर काढेपर्यंत राष्ट्राच्या प्रगतीबद्दल आणखी थोडं बोलणं झालं. मग नायकाच्या घरी पंगत बसली. मी वाढायला होतो. दोन तासांनी जीप गेली आणि मागे धूळ बराच वेळ राहिली.

दिवस मावळायच्या सुमाराला बायको अंगणात आली. तळहातावर ज्वारी होती. तिनं दोनदा-तीनदा हाक मारली. कोंबड्या धावत आल्या, त्यांच्यात ती पाहत राहिली. मग शाळेमागे गेली, चौथऱ्याकडे गेली. तिचं चालणं जड झालं होतं, एक हात कमरेवर. मी दारात बसून तिच्याकडे पाहत होतो. तिला परत येऊ देणं एवढंच मला करता येत होतं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मी सांगितलं. कागदाचं सांगितलं, आचाऱ्याचं सांगितलं. मी काय सांगतोय ते तिला प्रथम कळलंच नाही. ती म्हणाली, “सगळे काढले हे मले माहीत आहे. मी आपल्याचं विचारून राह्यली.”

मी पुन्हा सांगितलं.

ती खाली बसली. रडली नाही. ज्वारी मुठीतच होती. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, “आता पोराचं कसं?”

याडी तिच्या मागोमाग आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती मला काय म्हणेल याची मी वाट पाहत होतो. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं अगदी व्यवहाराच्या आवाजात विचारलं, “गुरुजी, पाव्हण्यानं खाल्ला का?”

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. तिनं पुन्हा विचारलं, या खेपेला सावकाश, मुलाला उत्तर सुचवतात तसं. “मोठ्या पाव्हण्यानं. देवीचं नाव घेऊन खाल्ला का?”

मी बायकोकडे पाहिलं. ती आता माझ्याकडे पाहत होती.

“खाल्ला,” मी म्हणालो. “पहिला घास देवीच्या नावानं घेतला. मी तिथंच होतो.”

“मंग फिटलं,” याडी म्हणाली. “पाव्हणा म्हणजे देवीचाच माणूस. आधी फेडला तं चालते. देवी काय नाही म्हणत नाही.” आणि बायकोची मूठ उघडून तिनं ज्वारी कोंबड्यांपुढे टाकली.

पुढं तीन आठवडे बायको दिवसातून एकदा तरी मला ते विचारायची. कुठं बसले होते पाहुणे? कोणत्या हातानं घेतला घास? मोठ्यानं नाव घेतलं की मनात? मी प्रत्येक वेळी उत्तर देई, आणि उत्तर बदलू नये म्हणून लक्षात ठेवत असे. ती ऐकून मान हलवायची. मला वाटलं, तिला पटलं.

फाल्गुनात, पळस फुलले होते तेव्हा, एका दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरलेले नव्हते. नायकाच्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, आर्णीला नेलं, तिथून एसटीनं यवतमाळला. याडी आयुष्यात पहिल्यांदा एसटीत बसली होती आणि वाटभर माझ्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरला हळू चालवायला सांगत होती. मुलगी झाली. फार लहान होती. चार दिवस होती. डॉक्टर चांगले होते. महिने भरायच्या आधी झालं, फुप्फुसांत बळ नव्हतं, यात कुणाचा काही दोष नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. मला ते आधीच माहीत होतं. त्या चार दिवसांत मी बाहेरच्या बाकावर बसून तेच स्वतःला सांगत होतो. कोंबड्याचा आणि फुप्फुसांचा काही संबंध नाही. आजही सांगतो. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

परत आलो तेव्हा अंगण तसंच होतं. कोंबड्या तिच्या पायांत आल्या. तिनं त्यांना हाकललं नाही, दाणेही घातले नाहीत. काही दिवसांनी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “आपल्याकडं देवीचं काही राह्यलं नाही न?”

“नाही.”

“सगळं फिटलं होतं.”

“फिटलं होतं.”

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मंग काहून नेली असंल?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. नवस मोडला होता, असं मी म्हणालो असतो तर तिला कारण मिळालं असतं. ते कारण खोटं होतं, पण तिला धरून ठेवता येईल असं होतं. तिला माझ्यावर चिडता आलं असतं, मला शिव्या देता आल्या असत्या, माहेरी निघून जाता आलं असतं. त्याऐवजी तिच्यापाशी एक फिटलेला नवस होता आणि एक गेलेली मुलगी, आणि त्या दोहोंचा मेळ घालत ती बसली होती. मी तिला ती वाटही ठेवली नव्हती. सांगावं असं मला त्या सकाळी वाटलं, आणि पुढंही कित्येक सकाळी वाटलं. दर वेळी मी चहा संपवून शाळेत गेलो.

त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. त्याच उन्हाळ्यात माझी बदली राळेगावला झाली. निघताना याडीनं तिला एक तलंग देऊ केली, नुकतीच अंड्यावर येणारी, चांगली काळ्या पिसांची. बायकोनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत दिली. राळेगावच्या घरात खिडकीच्या वर चिमण्यांनी घरटं केलं तर ती खाली पडलेल्या काड्या झाडायची, पण वर पाहायची नाही. शेजारच्या कोंबड्या आल्या तर दार लोटून घ्यायची. त्यांचा तिला राग नव्हता. ती नुसती आत जाऊन बसायची.

पांढऱ्या कोंबड्यांचं सांगायचं तर एकाला रानमांजरानं अकराव्या दिवशी नेलं. अंधारातही दिसेल असा त्याचा रंग होता. दुसरा चैत्राच्या उन्हात मान टाकून गेला. तोवर आधी घातलेल्या अंड्यांतून गावठी पिलं निघाली होती, आणि दिवाळीपर्यंत तांड्यावर पूर्वीइतकेच कोंबडे आरवू लागले, असं ग्रामसेवकानं मला पत्रानं कळवलं. दाखल्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. तो समारंभाच्या गडबडीत द्यायचाच राहिला होता. पुढं पुष्कळ वर्षं तो माझ्या त्या झाकण मोडलेल्या पेटीत होता. मग एका पावसाळ्यात वाळवी लागली.

याडीची गाठ एकदाच पडली, सहा-सात वर्षांनी, आर्णीच्या बाजारात. तिला नीट दिसत नव्हतं, आवाजावरून तिनं मला ओळखलं. बायकोचं विचारलं. मी म्हणालो, बरी आहे. मग मी तिला विचारलं की पाहुण्याच्या तोंडून नवस आधी फेडायची ती रीत त्यांच्यात कधीपासूनची आहे. मी चौकशी केली होती, दुसऱ्या तांड्यांवर कुणाला ती ठाऊक नव्हती.

“कायची रीत, बापा,” याडी म्हणाली. “पोरीचं तोंड पाह्यलं नाही का तुमी?”

तिनं लसणाच्या दोन गाठी माझ्या पिशवीत टाकल्या आणि गर्दीत गेली.

बायको जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटपर्यंत ती पाहुण्यांबद्दल आदरानं बोलायची. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला की म्हणायची, चांगला माणूस, घास घ्यायच्या आधी नाव घेतलं. निवडणुकीत ती त्यांनाच मत द्यायची. पुढं ते वारले तेव्हा तिनं त्या दिवशी चूल पेटवली नाही, आणि मीही तिच्याबरोबर उपाशी राहिलो.

त्या पंगतीत मी वाढायला होतो हे खरं आहे. कोंबड्याचा रस्सा जीपच्या ड्रायव्हरनं आणि फोटोग्राफरनं संपवला. पाहुण्यांची त्या दिवशी संकष्टी होती. त्यांनी दोन केळी खाल्ली.